मुद्रणकलेने समाज बदलला काय? : एका रूढ विधानाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयेतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक विधान हमखास भेटते. मुद्रणकलेच्या आगमनामुळे मराठी समाजात आमूलाग्र परिवर्तन घडून आले, हे ते विधान होय. गेली काही वर्षे मी या विधानाला गुण देत आले आहे. आदर्श उत्तरात ते असते, बाजारातील मार्गदर्शकांत असते आणि मार्गदर्शकांच्या मागे असलेल्या मान्यवर वाङ्मयेतिहासांतही ते थोड्याफार फरकाने असतेच. त्यामुळे विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तथापि ज्या विधानाला आपण सर्व मिळून गुण देतो, ते कितपत खरे आहे, हे एकदा तपासून पाहणे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

या विधानात कर्त्याच्या जागी यंत्र आहे. छापखाना आला आणि समाज बदलला, असा कार्यकारणभाव त्यात गृहीत धरलेला आहे. पाश्चात्त्य अभ्यासात या भूमिकेची मांडणी एलिझाबेथ आयझेन्स्टाइन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात सविस्तर केली. प्रसार, प्रमाणीकरण आणि जतन या तीन गोष्टी मुद्रणाने शक्य केल्या आणि त्यातून युरोपातील धर्मसुधारणा व विज्ञान यांना बळ मिळाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यावर एड्रियन जॉन्स यांनी १९९८ साली महत्त्वाचा आक्षेप घेतला. छापील मजकुरावरचा विश्वास यंत्रातून आपोआप निर्माण होत नाही, तो माणसांना आणि संस्थांना घडवावा लागतो, हा त्या आक्षेपाचा गाभा होय. हा वाद युरोपापुरता आहे असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. वस्तुतः या वादाचा निकाल लावण्यासाठी मराठी प्रदेशाइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण येथे छापखाना एकदा नव्हे, दोनदा आला.

गोव्यातील पहिला छापखाना

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला आणि सेंट पॉल महाविद्यालयात जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलनंतर अवघ्या शंभर वर्षांत हे यंत्र मराठी-कोकणी भाषकांच्या दाराशी येऊन पोहोचले होते. १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ येथेच छापला गेला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे मुद्रित झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, त्याची भाषा संतवाङ्मयाच्या वळणाची आहे आणि मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने त्याचे नाव घेतलेले आहे. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. तथापि हा मराठी ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तयार नव्हते. स्थानिक लिपीत छपाई व्हावी अशी खुद्द स्टीफन्स यांची इच्छा होती आणि १६०८ च्या एका पत्रात त्यांनी ती व्यक्तही केली होती. ती इच्छा सफल झाली नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. यंत्र होते, भाषा होती, प्रतिभावंत लेखक होता, इतकेच नव्हे तर तीन आवृत्त्या खपतील एवढी मागणीही होती. आमूलाग्र परिवर्तन मात्र झाले नाही. ‘क्रिस्तपुराण’ लोकांनी वाचले त्यापेक्षा ऐकले अधिक, ते चर्चमध्ये गायले गेले आणि हस्तलिखितांच्या रूपाने पसरले. त्याची देवनागरीतील हस्तलिखित प्रतही पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात मिळाली. छापील पुस्तकाचे पुन्हा पोथीत रूपांतर व्हावे, ही घटना मुद्रणाच्या सर्वसाधारण इतिहासाला अगदी उलटी आहे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील छपाई थंडावली ती १८२१ साली ‘गॅझेटा द गोवा’ हे सरकारी पत्र निघेपर्यंत.

या अपयशाचे कारण यंत्रात शोधणे व्यर्थ आहे. ज्या सत्तेने छापखाना आणला तिनेच १५६० साली इन्क्विझिशन आणले. छापखाना धर्मसत्तेच्या हाती होता आणि काय छापावे हे ठरवणारा अधिकारही तिच्याच हाती होता. यंत्र नवे असले तरी त्यामागचा विचार जुना, म्हणजे एका ग्रंथाचा व एका अधिकाराचा होता. नव्या साधनाला नव्या विचाराची जोड मिळाली नाही, म्हणून ते साधन पिढ्यान्पिढ्या निष्फळ राहिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

गोव्याच्या सीमेबाहेरचे चित्रही फारसे वेगळे नव्हते. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली आणि त्यानुसार हेन्री हिल्स हा मुद्रक १६७४ साली मुंबईत आला. देशी लिपीचे खिळे पाडण्याचे काम मात्र त्याच्याकडून झाले नाही. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापविली, हा प्रयोगही पुढे गेला नाही. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील १९५८ सालच्या ग्रंथात हे सारे प्रयत्न चिकाटीने नोंदवले आहेत. ते वाचताना आपल्या पूर्वजांनी मोठी संधी गमावली असा हळहळीचा सूर मनात उमटतो. माझ्या मते ही हळहळ अनाठायी आहे. पेशवाईला छापखान्याची गरजच नव्हती. दप्तराची गरज मोडी लिहिणारा कारकून भागवीत होता, धर्माची गरज पोथीची नक्कल करणारा लेखक भागवीत होता. नक्कल करणे हे पुण्यही होते आणि उपजीविकाही. ज्या समाजव्यवस्थेत ज्ञान मोजक्यांनीच राखायचे असते, तेथे एका लेखाच्या हजार प्रती करणाऱ्या यंत्राचे प्रयोजन काय?

पंचांग आणि ‘दर्पण’

एकोणिसाव्या शतकात छापखाना दुसऱ्यांदा आला तेव्हा परिस्थिती पालटली होती. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६ च्या सुमारास छापखाना घातला. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आणि १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. आपले सर्व वाङ्मयेतिहास या सनावळीवर उभे आहेत आणि ती सनावळी खोटी नाही. शाळा, नोकरी, टपाल आणि नवे शासन या सर्वांना छापील कागद लागत होता. गोव्यात नसलेली गरज येथे निर्माण झाली होती.

परंतु या सनावळीत एक साल आपण घाईने ओलांडतो. ‘दर्पण’च्या एक वर्ष आधी, १८३१ साली, गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. गणपत कृष्णाजी जातीने भंडारी, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले आणि विलक्षण हुन्नरी गृहस्थ होते. छापलेला कागद विटाळाचा मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. शाईत चरबी असते हा मुख्य आक्षेप होता. तो दूर करण्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपात शाई तयार केली असे सांगितले जाते. ही हकीकत आपण एका उद्योजकाच्या कल्पकतेची मौजेची गोष्ट म्हणून वर्गात सांगतो. मीही सांगितली आहे. पण तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? यंत्राने सोवळ्याला बदलले नाही, सोवळ्याने यंत्राची शाई बदलली. आणि त्या तुपाच्या शाईने छापले काय, तर पंचांग. तिथी, मुहूर्त आणि ग्रहदशा यांवर ज्या सत्तेचा पाया होता, त्या सत्तेचे सर्वांत नित्याचे साधन.

जोशीबुवा पाडव्याला दारी येऊन जे ऐकवीत, ते आता सुबक अक्षरांत घरोघर पोहोचले. यातून जोशाची मक्तेदारी थोडी सैल झाली असेलही, कारण छापील पंचांग विकत घेणाऱ्याला तिथी विचारायला जाण्याची गरज उरली नाही. मात्र पंचांगाचा अधिकार कमी झाला नाही, तो वाढला. १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि निर्णयसागर पंचांग हे नाव पुढे प्रमाणच होऊन बसले. निर्णयसागरने संस्कृत ग्रंथांच्या ज्या निर्दोष आवृत्त्या काढल्या, त्यांचे ऋण कोणीही अभ्यासक नाकारणार नाही. तथापि मुद्रणाने पहिल्या काही दशकांत नव्या विचारांइतकेच, किंबहुना अधिक बळ जुन्या ग्रंथप्रामाण्याला दिले, ही वस्तुस्थिती आहे. हे निरीक्षण मुद्रणाची निंदा करण्यासाठी नाही. साधन ज्याच्या हाती असते त्याचे काम करते, एवढेच यातून दिसते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. जावजी दादाजीही गरीब घरातले, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेले. खिळे पाडणारे, जुळवणारे, यंत्र ओढणारे हात बहुतांशी एका समाजाचे आणि त्या खिळ्यांतून बोलणारे लेखक बहुतांशी दुसऱ्या समाजाचे, अशी या नव्या उद्योगाची वाटणी प्रथमपासून राहिली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात लेखक-संपादकांची चरित्रे पुष्कळ आहेत, जुळाऱ्यांचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

प्रमाणीकरणाची दुसरी बाजू

आयझेन्स्टाइन यांनी सांगितलेल्या तीन गुणांपैकी प्रमाणीकरणाचा मराठीतील अनुभव विशेष तपासण्यासारखा आहे. छपाईपूर्वी मराठीच्या दोन लिपी व्यवहारात होत्या. पोथी बाळबोधीत लिहिली जाई, हिशेब आणि दप्तर मोडीत. कॅरी यांनी मोडीचे खिळेही पाडले होते, पण अखेर छापखान्याने बाळबोधी निवडली आणि मोडी हळूहळू मागे पडली. याचा एक लाभ उघड आहे. शाळेत एकच लिपी शिकून मुलाला पुस्तक वाचता येऊ लागले. मात्र कुळकर्ण्याच्या दप्तरातील मोडी शेतकऱ्याला पूर्वी जशी अनाकलनीय होती तशीच पुढेही कितीतरी वर्षे राहिली. छापील पुस्तक वाचू शकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नव्हता. ही विसंगती किती दूरवर पोहोचली याचा प्रत्यय अलीकडे आला. २०२३ साली मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. मुद्रणाने दूर सारलेल्या लिपीत लक्षावधी माणसांच्या ओळखीचे पुरावे पडून होते.

लिपीपाठोपाठ भाषा प्रमाण झाली. मोल्सवर्थच्या कोशासाठी आणि शाळापुस्तकांसाठी मराठीचे जे रूप शिष्ट म्हणून निवडले गेले ते मुख्यतः पुण्याच्या शिक्षित वर्गाचे होते. छापील मराठी म्हणजे हीच मराठी, असे समीकरण तयार झाले. एखादी बोली प्रमाण ठरण्यात गैर काही नाही, प्रत्येक भाषेत असे घडते. प्रश्न उभा राहतो तो त्या प्रमाणाचा उपयोग काय केला गेला, हे पाहिल्यावर. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तीत फुल्यांच्या पुस्तकाचा जो समाचार घेतला गेला त्यात विचारांच्या खंडनाइतकीच भाषेची आणि व्याकरणाची टिंगल होती. विष्णुशास्त्र्यांच्या गद्याचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मराठी निबंधाला त्यांनी दिलेला डौल आजही मोहवतो आणि वर्गात ती पाने वाचून दाखवताना मलाही तो मोहवितो. पण ज्या शुद्धतेच्या कसोटीवर त्यांनी फुल्यांना उणे ठरवले, ती कसोटी छापखान्याने नुकतीच घडवलेली होती. फुल्यांच्या आजोबांच्या काळी अशुद्ध मराठी नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती, अशुद्ध संस्कृत तेवढे होते. वेदाच्या दारावरील पहारा उठला आणि व्याकरणाच्या दारावर बसला.

१८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, त्याचा विचार या संदर्भात व्हावा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या या सभेला फुल्यांनी जे उत्तर पाठवले ते त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचा मेळ कसा बसेल, असा त्याचा आशय आहे. आपण या पत्राकडे सामाजिक मतभेदाचे उदाहरण म्हणून पाहतो. मला ते मुद्रणाच्या इतिहासातील पत्र वाटते. छापखाना सर्वांसाठी खुला आहे ही समजूत त्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे नाकारलेली आहे.

लेखनाचे साल आणि वाचनाचे साल

आता या चर्चेतील सर्वांत महत्त्वाच्या उदाहरणाकडे वळू. फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, हा त्याचा विषय. विदूषक मध्ये मध्ये टीका करतो, पाद्री येतो आणि अखेरीस ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीचाच एक भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवण्यात आला होता, त्याचे काम ही समिती पाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे काही न चालून नाटक नाकारले गेले, असे फुल्यांनीच ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. हे नाटक प्रथम छापले गेले ते १९७९ साली ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये.

१८५५ ते १९७९ म्हणजे १२४ वर्षे. या काळात पुण्यात आणि मुंबईत छापखान्यांची वाण नव्हती. जोशाचे पंचांग १८३१ मध्ये छापले गेले, जोशाची चिकित्सा करणारे नाटक मात्र त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने. यंत्र दोन्ही वेळी तेच होते.

येथे वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीबद्दल एक प्रश्न उद्भवतो आणि तो आपल्या अध्यापनाशी थेट निगडित आहे. अलीकडील अनेक पुस्तकांत ‘तृतीय रत्न’ हे १८५५ चे, म्हणून आधुनिक मराठीतील पहिले सामाजिक नाटक, असे लिहिलेले असते. अन्यायाची भरपाई करण्याची ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे नकळत दुसरा अन्याय घडतो. नाटक १८५५ पासून समाजात वावरत होते, असा त्यातून भास होतो. प्रत्यक्षात ज्यांनी पुढे मराठी रंगभूमी घडवली त्यांच्यासमोर ते नव्हते. देवल-किर्लोस्करांनी ते वाचले नाही, त्याचे अनुकरण झाले नाही, त्याला विरोधही झाला नाही. वाङ्मयेतिहासात अशा कृतींपुढे दोन साले लिहिली पाहिजेत, एक लेखनाचे आणि दुसरे वाचकांपर्यंत पोहोचल्याचे. दोन सालांमधील अंतर हाच खरा इतिहास असतो आणि एकच साल लिहून आपण तो पुसून टाकतो.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ची कथा याहून थोडी निराळी आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ साली भ्रूणहत्येचा खटला चालला. त्या निमित्ताने स्त्रीजातीवर वृत्तपत्रांतून जी चिखलफेक झाली तिला बुलढाण्याच्या ताराबाईंनी हे उत्तर दिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत होती नऊ आणे. म्हणजे येथे दार अडवणारी कमिटी नव्हती, पुस्तक छापले गेले. तरी काय झाले? टीका इतकी झाली की फुल्यांना १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक प्रसिद्ध केले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ९३ वर्षे ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. छापणे आणि वाचले जाणे यांत केवढे अंतर असू शकते, हे यावरून ध्यानात येईल. १९०१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते आणि स्त्रियांत ते एक टक्काही नव्हते. ज्यांच्यासाठी ताराबाईंनी लिहिले त्यांपैकी फारच थोड्याजणींना ते वाचता आले असते.

साधन गावात येणे, घरात येणे आणि हातात येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०२० साली टाळेबंदीत आम्ही भ्रमणध्वनीवरून तासिका घेऊ लागलो, तेव्हा याचा मला फार जवळून अनुभव आला. पटावर मुली अधिक आणि तासिकेला मुले अधिक. चौकशी करता कळले की बहुतेक घरांत फोन एकच आणि तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात. एक विद्यार्थिनी रात्री साडेनवानंतर, भाऊ कामावरून परतल्यावर, माझ्या व्याख्यानाची ध्वनिफीत ऐके. आमच्याकडील अहवालात मात्र त्या गावापुढे सुविधा उपलब्ध अशीच नोंद झाली. ती नोंद खोटी होती असे म्हणता येणार नाही.

याचा अर्थ मुद्रणाने काहीच केले नाही असा काढणे तितकेच एकांगी ठरेल. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मातंग समाजाच्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत छापला गेला. ‘तृतीय रत्न’ नाकारले गेले तेच हे वर्ष. चौदा वर्षांच्या आसपासच्या या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी आणि त्यांना नाकारलेल्या धर्माविषयी जे लिहिले, ते मराठी गद्याच्या कोणत्याही निवडक संग्रहात आद्य स्थानी असावयास हवे. ते छापले गेले कारण ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचे होते आणि हिंदू धर्मावरील टीका त्यांना सोयीची होती. हेतू सर्वस्वी निर्मळ नव्हता हे मान्य करूनही त्यांनी ते छापले हे विसरता येत नाही. ते अंक जतन झाले नसते तर मुक्ता साळवे हे नावही आज आपल्याला ठाऊक नसते. आयझेन्स्टाइन यांनी सांगितलेला जतनाचा गुण येथे निर्विवाद सिद्ध होतो. ताराबाईंच्याही ५०० प्रती निघाल्या म्हणून त्यांतील एखादी मालशे यांच्यापर्यंत पोहोचू शकली.

छापखाना आपल्या हाती असल्याशिवाय गत्यंतर नाही, हे ज्यांना कळले त्यांनी तो मिळवण्याची धडपड केली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढले. तेथेही प्रश्न संपला नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पूर्ण झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संपादकत्वाखालील त्याच ‘दीनबंधू’ने त्याचा आरंभीचा भाग छापून पुढचा छापण्याचे थांबवले आणि ते पुस्तकरूपाने फुल्यांच्या हयातीत आले नाही. म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्रालाही भीती वाटावी असा विचार होता तो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. ‘दर्पण’ निघून तेव्हा ८८ वर्षे झाली होती. नियतकालिकाचे नावच सांगते की मुद्रणाच्या एवढ्या वर्षांनंतरही या समाजाचा फार मोठा भाग मुका होता.

तेव्हा उत्तरपत्रिकेतील त्या विधानाचे काय करावे? त्याला शून्य गुण द्यावेत असे मी म्हणणार नाही. परंतु आमूलाग्र या शब्दाखाली रेघ ओढून कोणाचे, कधी आणि कोणाच्या हातून, असे समासात विचारावयास मी या वर्षापासून सुरुवात केली आहे. अभ्यासक्रम मंडळांनी दोन सालांची सूचना विचारात घ्यावी, ही त्यापुढची अपेक्षा. संशोधकांसाठी तर याहून निकडीचे काम शिल्लक आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने पारितोषिके दिलेल्या ग्रंथांची माहिती आपल्याला बरीचशी आहे. तिने नाकारलेल्या हस्तलिखितांची यादी मात्र कोणत्याही वाङ्मयेतिहासात मला आढळली नाही. ‘तृतीय रत्न’ लेखकाच्या पुढील कीर्तीमुळे वाचले. त्याच्यासोबत परत पाठवल्या गेलेल्या इतर बाडांचे लेखक कोण होते, त्यांनी काय लिहिले होते, याचा शोध पुरालेखागारातील जुन्या शैक्षणिक दप्तरांतून घ्यावा लागेल. त्यांतील काही कागद मोडीत असण्याचा संभव आहे.